फटफटीची किंमत

2018 च्या हिवाळ्यात उदगीरहून जळकोटला येताना माझ्या फटफटीला अपघात झाला. पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि मी त्याच्या फाळक्यावर जाऊन आदळलो. गुडघ्याला चार टाके पडले, बाकी सुखरूप. गाडीचा मात्र चिमटा वाकला, पुढचं रिम इंग्रजी आठच्या आकड्यासारखं झालं, दिव्याचा डूम फुटला आणि टाकीला मोठा पोचा पडला.

आठवड्याने विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. गाडीभोवती फेरी मारली, फोटो काढले, आरसी बुक चाळलं आणि म्हणाला, ‘‘सर, गाडी 1966 ची आहे. बाजारभाव सहा हजार धरू. तीन हजार भंगाराचे वजा, शंभर नियमाचे वजा. दोन हजार नऊशे मिळतील.’’ मेकॅनिकने दुरुस्तीचं इस्टिमेट अठ्ठावीस हजारांचं दिलं होतं.

रक्कम ऐकून मला राग आला तो पैशाचा नव्हता. ही जावा अब्बांनी 1976 मध्ये जुनी म्हणून तीन हजारांना घेतली होती. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. जळकोट तेव्हा तालुका नव्हता आणि लातूर जिल्हाही जन्मायचा होता, तो 1982 मध्ये झाला. बदलीच्या गावी जायला एसटी दिवसातून एखादी. टाकीवर मी, मागे अम्मी, तिच्या मांडीवर धाकटी बहीण, असा आमचा संसार या गाडीवरून फिरला. किकचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होतो, हे गुपित अब्बांनी मला सांगितलं तेव्हा मला कोणी मोठं केल्यासारखं वाटलं होतं.

या गाडीचा इतिहासही लहान नाही. फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने 1929 मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ हे नाव केलं. इंडोनेशियातल्या बेटाशी त्याचा काही संबंध नाही. पुढे मुंबईच्या फारुख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना काढला आणि 1961 पासून आयडियल जावाच्या गाड्या तिथून बाहेर पडू लागल्या. 1973 पासून त्याच घराण्याची येझदी आली. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. कायमची गाडी, कायमची किंमत, अशा अर्थाची त्यांची जाहिरात असे. ती वाचून गाडी घेणाऱ्यांना विम्याच्या कोष्टकाची कल्पना नसावी.

आता विम्याकडे येऊ. आपल्याकडे आधीचा मोटार वाहन कायदा 1939 चा होता. त्यातली विम्याची सक्ती ब्रिटिश हिंदुस्थानात 1 जुलै 1946 पासून सुरू झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हा कायदा आपल्यापर्यंत संस्थान भारतात विलीन झाल्यावर पोचला. पण सक्ती होती ती दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याची. आपल्या गाडीखाली कोणी सापडला तर त्याला भरपाई मिळावी, हा हेतू. स्वतःच्या गाडीचा विमा हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला राहिला. तो आजही तसाच आहे.

1 जानेवारी 1973 रोजी सर्वसाधारण विमा सरकारी झाला. शंभराहून अधिक कंपन्या मिळून चार कंपन्या उरल्या. दर आणि अटी साऱ्या देशाला सारख्या असत. 2002 मध्ये मोटार विम्याचं नवं दरपत्रक आलं आणि त्यात एक शब्दप्रयोग रुळला, विमेदाराने घोषित केलेली किंमत. एजंट तिला आयडीव्ही म्हणतात. नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा कापायचा: सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, असं करत पाचव्या वर्षाअखेर पन्नास टक्के. पाच वर्षांच्या पुढे कोष्टक थांबतं. तिथून पुढची किंमत कंपनी आणि गाडीवाला यांनी आपसात ठरवायची.

म्हणजे माझ्या बावन्न वर्षांच्या गाडीची किंमत ठरवण्यात माझाही हात असायला हवा होता. होता का? मी जुनी पॉलिसी काढून बघितली. आयडीव्ही बारा हजार. दरवर्षी एजंट विचारायचा, ‘‘मागच्या वर्षीचीच ठेवू ना, सर?’’ आणि पाच-सहाशे रुपये वाचतात म्हणून मी ‘‘ठेवा’’ म्हणायचो. ज्या गाडीला मी वाडवडिलांची ठेव म्हणत होतो, तिची किंमत बारा हजार असल्याचं मीच दरवर्षी सही करून सांगत होतो.

त्याच दरपत्रकात मला आणखी एक कलम दिसलं, ठरलेल्या किमतीचं. गाडी पूर्ण निकामी झाली तर आधी ठरलेली रक्कम घसारा न कापता द्यायची. अगदी मला हवं तसं. पण कलमाच्या मथळ्यातच लिहिलं होतं, फक्त व्हिंटेज मोटारींसाठी. राजेरजवाड्यांच्या मोटारी काळाबरोबर मौल्यवान होतात हे दरपत्रकाला मान्य होतं. मास्तरची, ग्रामसेवकाची, ढोरांच्या डॉक्टरची दुचाकीही तशी होऊ शकते, हे मात्र त्यात कुठे नव्हतं.

तरीही सर्व्हेअरचे सहा हजार चूकच होते. पॉलिसीत छापलेलं असतं की गाडी पूर्ण निकामी ठरली तर पॉलिसीच्या मुदतीत आयडीव्ही हाच बाजारभाव मानायचा, त्यातून पुन्हा घसारा कापायचा नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी निकामी धरतात. माझी त्यात सरळ बसत होती. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या एका निकालात बजावलं होतं की, विमा घेताना मान्य केलेली किंमत कंपनीने अपघातानंतर नाकारू नये. 2009 च्या दुसऱ्या एका निकालात, सर्व्हेअरचा अहवाल हा काही शेवटचा शब्द नाही, असंही सांगितलं होतं.

हे सारं मी कंपनीच्या तक्रार विभागाला साध्या मराठीत दोन पानांत लिहिलं. पॉलिसीची प्रत, इस्टिमेट आणि फोटो जोडले, रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पावती जपून ठेवली. शेवटी लिहिलं की महिन्यात उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जाईन. लोकपालाची ही सोय 1998 च्या नियमांनी आली, 2017 मध्ये ते नियम नव्याने झाले. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि नंतर वर्षाच्या आत जावं, एवढंच.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. पंचविसाव्या दिवशी उत्तर आलं. किंमत बारा हजार मान्य. गाडी मी ठेवणार म्हणून भंगाराचे तीन हजार आणि नियमाचे शंभर वजा. आठ हजार नऊशे रुपये खात्यात जमा झाले.

मी जिंकलो का? कागदावर जिंकलो. दुरुस्तीला एकतीस हजार लागले, बावीस हजार पदरचे गेले. पण कंपनीने माझं नुकसान केलं, असं त्या बावीस हजारांबद्दल मला म्हणता येत नाही. त्यांनी कमी केलेले सहा हजार मी भांडून परत मिळवले. उरलेली तफावत मी स्वतः सही करून निर्माण केली होती. किंमत आणि कदर हे दोन्ही शब्द अरबीतून आपल्याकडे आले. विमा कंपनीला पहिला कळतो. दुसरा मनात असून उपयोगाचा नव्हता, पहिल्याच्या रकान्यात तो मीच लिहायला हवा होता.

पुढच्या वर्षी पॉलिसीच्या वेळी मी एजंटला ‘‘ठेवा’’ म्हटलं नाही. चारी बाजूंचे फोटो, दुरुस्तीची बिलं आणि अशा गाड्या किती रुपयांना विकल्या जातात याची मेकॅनिकने लिहून दिलेली चिठ्ठी, असं सगळं अर्जासोबत दिलं. साठ हजार मागितले, घासाघीस होऊन पंचेचाळीस ठरले. हप्ता वाढला, पण रात्री झोप लागते.

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली मूळ रूपातली गाडी आता व्हिंटेज ठरू शकते आणि त्यात दुचाकीही आल्या. वाचून बरं वाटलं. पण नोंदणीची फी वीस हजार आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली असल्या कारणांपुरतीच रस्त्यावर काढायची, रोजच्या वापराला नाही. माझी फटफटी अजून बाजारातून मेथीची जुडी आणते. म्हणून मी तो अर्ज केला नाही.

तुमच्या घरी अशी एखादी जुनी गाडी असेल, तर आज कपाटातून तिची पॉलिसी काढा आणि आयडीव्हीचा आकडा बघा. तो कोणी आणि कधी ठरवला, हे आठवून बघा. अपघातानंतरच्या भांडणात तोच आकडा तुमच्या बाजूने किंवा तुमच्या विरुद्ध साक्ष देणार आहे.