एका स्नानाचा प्रश्न

विद्यार्थ्यांना नीति शिकवावी कशी आणि त्यांच्यांतील तंटे मिटवावे कसे, हा प्रश्न आम्हां अध्यापकांच्या बैठकींत वारंवार निघतो. व्याख्यानें योजावीं, नियम कडक करावे, असे उपाय सुचविले जातात. अशा वेळीं आम्हांस याच करवीरनगरींतील एक जुना प्रसंग आठवतो.

शाहू छत्रपतींनीं 1896 सालीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एक वसतिगृह काढून पाहिलें. पण थोड्याच वर्षांत तें व्यवहारांत एका जातीचें होऊन बसलें. म्हणून 1901 पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशीं निरनिराळीं वसतिगृहें निघालीं. खेड्यांतील मुलाला शहरांत पथारी पसरण्यास जागा मिळाली, हे उपकार थोडे नव्हेत. परंतु राहण्याचा प्रश्न सुटला तरी एकत्र जेवण्याचा सुटला नाहीं.

जैन वसतिगृहांत कुंभोजचा भाऊराव पाटील हा विद्यार्थी होता. अस्पृश्य मुलांसाठीं निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो जाऊन आला. आतां स्नान केल्यावांचून भोजनगृहांत येऊं नये, असें त्यास सांगण्यांत आलें. त्यानें तें मानलें नाहीं; वसतिगृह सुटलें.

चार तांबे पाणी अंगावर घेतलें असतें तर तंटा तेथेंच मिटला असता, असें कोणी म्हणेल. तंटा मिटला असता हें खरें. पण माणसाच्या स्पर्शानें माणूस विटाळतो, हें कबूल केल्यासारखें झालें असतें. वसतिगृह चालविणारेही दुष्ट नव्हते. समाजाची रूढि सांभाळणें हेंच ते आपलें कर्तव्य समजत होते. म्हणूनच हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे.

या प्रश्नाचें उत्तर भाऊरावांनीं वादानें दिलें नाहीं. 1919 सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 सालीं साताऱ्यास असें वसतिगृह काढलें कीं जेथें सर्व जातींचीं मुलें स्वतः रांधीत आणि एका पंगतीस जेवीत. त्या मुलांसाठीं पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले. 1927 सालीं गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचें नांव मिळालें. सकाळीं ज्याच्याशीं भांडण झालें, त्याच्याच शेजारीं दुपारीं पान मांडावयाचें, याहून मोठा नीतिपाठ कोणता?

आमच्या मतें उणीव व्याख्यानांची नाहीं. एखादा विद्यार्थी आज्ञा मोडतो, तेव्हां तो उर्मटपणा कीं सदसद्विवेक, हें ओळखण्याची बुद्धि आधीं आम्हां शिक्षकांच्या ठायीं हवी.