अमेरिकी सरहद्दीची लघुकथा : छावणी, वसतिशाळा, बंदर

मराठीत ‘सरहद्द’ म्हटले की दोन राज्यांमधली, चौक्यापहाऱ्यांची रेषा डोळ्यांपुढे येते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र ‘फ्रंटियर’ म्हणजे गोऱ्या वसाहतकारांच्या वस्तीची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड असे मानले जाई. चौरस मैलामागे दोनहून कमी माणसे असलेला मुलूख या कडेपलीकडचा, असा तेथील जनगणना खात्याचा हिशेब होता. १८९०च्या गणनेत अशी सलग कड उरली नसल्याचे आढळले आणि त्याच नोंदीचा धागा धरून इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने १८९३ साली, मोकळ्या जमिनीकडे सरकणाऱ्या वस्तीतून अमेरिकी समाजाचा स्वभाव घडला, असा सिद्धान्त मांडला. ती जमीन कोणाच्या लेखी मोकळी होती, हे मात्र त्या काळच्या इतिहासग्रंथांपेक्षा मासिकांतल्या लघुकथांतून अधिक स्पष्ट दिसते.

या कथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला तो ब्रेट हार्टने. कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडल्यावर उभ्या राहिलेल्या खाणकामगारांच्या छावण्या हा त्याचा विषय होता. ‘द लक ऑफ रोअरिंग कॅम्प’ ही त्याची कथा १८६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ओव्हरलँड मंथली’त आली आणि पूर्वेकडच्या वाचकांना इतकी भावली, की १८७१ मध्ये बॉस्टनच्या ‘अटलांटिक मंथली’च्या प्रकाशकांनी त्याला वर्षभराच्या लेखनासाठी १०,००० डॉलर देऊ केले. रांगडे पुरुष एका पोरक्या बाळाला वाढवतात, ही कल्पना आजही मनाला भिडते. तरीही त्या बाळाच्या आईकडे, म्हणजे छावणीतल्या एकमेव बाईकडे, पाहिले पाहिजे : तिला नाव आहे ‘चेरोकी सॅल’, त्यातला पहिला शब्द एका मूलनिवासी जमातीचा, आणि ती एक वाक्यही न बोलता कथेच्या आरंभीच मरते.

जी बाजू तिथे मुकी राहिली, तिला वाचा फुटली ती त्याच ‘अटलांटिक मंथली’त, १९०० साली. यांक्टन सू जमातीत १८७६ मध्ये जन्मलेल्या लेखिकेने ‘झितकाला-शा’, म्हणजे ‘लाल पक्षी’, हे स्वतः निवडलेले नाव लावून तिथे आपल्या बालपणाचे लेख छापले. मूलनिवासी मुलांना त्यांची भाषा आणि चालीरीती विसरायला लावणाऱ्या वसतिशाळेत ती आठव्या वर्षी गेली होती. तिथे केस कापणार हे कळताच ती पलंगाखाली लपली, पण तिला ओढून काढून खुर्चीला बांधण्यात आले आणि तिच्या वेण्या कापल्या गेल्या. तिच्या लोकांत केस कापले जात ते सुतक पाळणाऱ्यांचे, भेकडांचे किंवा शत्रूच्या हाती सापडलेल्या योद्ध्यांचे, हे ठाऊक असल्याखेरीज त्या प्रसंगातील अपमानाची खोली कळत नाही. ‘द सॉफ्ट-हार्टेड सू’ या तिच्या १९०१च्या कथेत मिशनरी शाळेतून परतलेल्या तरुणाला शिकार करता येत नाही आणि त्याचा बाप उपासमारीने मरतो. सरहद्द इथे बापलेकांच्या मधून गेलेली आहे.

पश्चिमेच्या किनाऱ्यावर ही कड पूर्वेकडून नव्हे, तर समुद्रावरून आलेल्या माणसांना भेटली. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या आंतरखंडीय रेल्वेमार्गावर हजारो चिनी मजूर राबले होते, तरी १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली. इंग्रज पिता आणि चिनी माता यांच्या पोटी जन्मलेल्या ईडिथ ईटनने ‘सुई सिन फार’ या नावाने या माणसांच्या घरातले लिहिले. तिचा कथासंग्रह १९१२ साली निघाला. त्यातल्या ‘इन द लँड ऑफ द फ्री’ या कथेत चीनहून परतणाऱ्या आईचे तान्हे मूल कागदपत्रांअभावी बंदरावरचे अधिकारी ठेवून घेतात आणि वकिलाच्या मेहनतान्यासाठी ती अंगावरचे दागिने काढून देते. दहा महिन्यांनी ती मिशनच्या पाळणाघरात पोहोचते, तेव्हा मूल तिला ओळखत नाही. ते गोऱ्या बाईच्या झग्यात तोंड लपवते आणि आईला जायला सांगते.