एका पानावर अनेक हात

दूर बसलेल्या दोघांनी एकाच वेळी एकच मजकूर हाताळण्याचे गाजलेले जाहीर प्रात्यक्षिक ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाले. डग्लस एंगलबार्ट मंचावर होते, सहकारी मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत. प्रत्यक्ष अडचण होती ती गणिती. एकाने तिसरे अक्षर खोडताच पुढची सगळी अक्षरे एक घर मागे सरकतात आणि त्याच क्षणी दुसऱ्याने पाचव्या जागी केलेली दुरुस्ती भलत्या ठिकाणी पडते. प्रत्येक बदलाची जागा नव्याने मोजण्याची रीत एलिस आणि गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडली. आजची बरीच साधने तिच्यावरच उभी आहेत.

वर्गात मात्र आधी पोहोचली ती याहून साधी युक्ती. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. तिथले पान वाचणाऱ्यालाच बदलता येई. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत मार्क गझ्डियल यांच्या गटाने तिच्यावरून विद्यार्थ्यांसाठी ‘कोवेब’ तयार केले. तेथील अनुभव आजही वाचण्याजोगा आहे. वास्तुकलेच्या आणि इंग्रजीच्या वर्गांत ते रुजले, गणित व अभियांत्रिकीच्या वर्गांत विद्यार्थ्यांनी त्याकडे पाठ फिरवली. गुणांची चढाओढ होती आणि एकच उत्तर असलेल्या प्रश्नावर एकत्र लिहिण्याजोगे फारसे काही उरत नव्हते. साधन तेच असूनही अभ्यासाच्या रीतीने निकाल बदलला.

२००५ मध्ये ‘रायटली’ आले. पुढच्या वर्षी ते गूगलने घेतले आणि त्यातून गूगल डॉक्स घडले. २००८ च्या ‘इथरपॅड’मध्ये प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात दिसे आणि लिखाण पहिल्या अक्षरापासून पुन्हा पाहता येई. शिक्षकांना हीच सोय सर्वांत मोलाची होती, कारण गटाच्या प्रकल्पात कोणी किती लिहिले हा जुनाच प्रश्न होता.

महाराष्ट्रातील एक प्रयोग याच सुमाराचा. २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहिण्याचे काम दिले गेले. बराच मजकूर पुस्तकांतून व संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला निघाला, स्वयंसेवक संपादकांवर तो निस्तरण्याचा भार पडला आणि त्याच वर्षी प्रयोग थांबवावा लागला. दोष केवळ विद्यार्थ्यांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. गाइडमधले उत्तर उतरवून पूर्ण गुण मिळवण्याची सवय लागलेल्यांकडून जगासमोर संदर्भासहित, स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची अपेक्षा होती. त्यासाठी लागणारी तयारी आधी व्हायला हवी होती.

२०१४ मध्ये गूगल क्लासरूम आले आणि २०२० च्या टाळेबंदीत अशी साधने असंख्य घरांत शिरली. २०२२ अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर बदलांच्या नोंदीला आणखी एक काम मिळाले: मजकूर ओळीओळीने घडला की एकदम चिकटवला गेला, हे शिक्षक तिच्यात पाहू लागले. गटातल्या ज्याने मुद्दा सुचवला पण टंकन दुसऱ्यावर सोपवले, त्याचे नाव मात्र या नोंदीत येत नाही.