जेजेचं दार आणि आमच्या गावचा ड्रॉइंगचा तास

क्रॉफर्ड मार्केटला तुम्ही गेला असालच. मुंबईत राहत नसाल तरी लग्नाच्या खरेदीच्या निमित्ताने एकदा तरी. पुढच्या खेपेला एक करा. दारात थांबून मान वर करा. दगडात कोरलेले शेतकरी दिसतील. ही मंडई १८६९ मध्ये बांधून झाली. त्यावरची शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या संकल्पनेतली. हे गृहस्थ तिथून चालत पाच-दहा मिनिटांवरच्या चित्रशाळेत शिल्पकला शिकवायचे. आज मंडईला महात्मा फुल्यांचं नाव आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याचं नाव आणि दारावर दगडी शेतकरी. कुणी ठरवून केलं नसणार, पण जुळून आलंय खरं.

ती चित्रशाळा म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. आपलं 'जेजे'. २०२३ मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. चित्र-शिल्प, उपयोजित कला आणि वास्तुकला या तिन्ही संस्था एका छत्राखाली आल्या. त्याआधी बराच वाद झाला. अभिमत विद्यापीठ हवं की राज्याचं स्वतंत्र कला विद्यापीठ? फी वाढेल का? नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयांचं काय? दर्जा मिळाल्यावर अभिनंदनाचे फलक लागले आणि वाद विरला. प्रश्न मात्र तिथेच आहेत.

मी जेजेची विद्यार्थिनी नाही. तरी मला या विषयावर बोलायचा हक्क आहे असं वाटतं. तुम्हालाही आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी या शाळेसाठी एक लाख रुपये दिले. लहानपणीच आईवडील गमावलेला हा माणूस चीनच्या व्यापारात अफाट श्रीमंत झाला. त्या व्यापारात कापूस होता, तशी अफूही होती. हेही सांगायला हवं, वारसा म्हटला की सगळाच घ्यावा लागतो. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्याच वर्षीच्या जुलैमधली. म्हणजे जेजे विद्यापीठापेक्षा चार महिन्यांनी मोठं! पण इथल्या चित्रकला-शिल्पकलेच्या अभ्यासक्रमाला त्याच विद्यापीठाची पदवी मिळायला १९८१ उजाडलं. तोवर सव्वाशे वर्षं इथून बाहेर पडणारा चित्रकार पदविकाधारक होता, पदवीधर नव्हता. हाताने काम करणाऱ्याच्या शिक्षणाला आपण किती मान देतो, याचा हिशोब या दोन तारखांमध्ये आहे.

सुरुवातीला हेतू 'महान चित्रकार' घडवण्याचा नव्हताच. इथल्या कारागिरांचा हात सुधारावा, मालाला उठाव यावा, हा विचार होता. साहेबाला यात स्वतःची अभिरुची रुजवायची होती, हेही खरं. ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून इथली मुलं छायाप्रकाश शिकत होती. पण मुलं फक्त तेवढंच शिकली नाहीत.

बोरीबंदरचं स्टेशन घ्या. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, बांधकाम १८७८ ते १८८८ च्या दरम्यानचं. पण त्यावरची पानं, फुलं, मोर, माकडं, कमानींवरची नक्षी यातलं कितीतरी काम जेजेच्या विद्यार्थ्यांचं आहे. २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारसा यादीत गेली. वास्तुविशारदाचं नाव सगळ्यांना सांगता येतं. मोर कुणी कोरला? माहीत नाही. रोज लाखो माणसं त्या मुलांच्या परीक्षेच्या पेपराखालून लोकल पकडायला धावतात.

किंवा अजिंठा. १८७२ पासून पुढची दहा-बारा वर्षं जॉन ग्रिफिथ्स जेजेच्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जात होते. भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करायच्या. आता कल्पना करा. अंधारी लेणी, वटवाघळं, जेमतेम उजेड आणि हातात ब्रश घेऊन बसलेली विशी-पंचविशीतली मुलं. पेस्तनजी बोमनजी त्यातले एक, पुढे मोठे चित्रकार झाले. या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्यांच्या आणि नोंदींच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. ग्रंथावर नाव अर्थातच त्यांचं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वर्गात ग्रीक पुतळे गिरवणाऱ्या मुलांनी अजिंठ्याची रेषा स्वतःच्या मनगटात उतरवून घेतली. साहेबाने शिकवलं एक, पोरं शिकून आली दुसरंच.

मग धुरंधर. १८९० मध्ये कोल्हापूरहून महादेव विश्वनाथ धुरंधर नावाचा मुलगा जेजेत दाखल झाला. विद्यार्थी, मग शिक्षक, असं करत १९३१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. अखेरीला काही काळ हंगामी संचालक म्हणून त्यांनी काम पाहिलं. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. शाळा सुरू होऊन तोवर सत्तरहून जास्त वर्षं झाली होती! 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. त्यांची कन्या अंबिका धुरंधर यांनीही १९३१ मध्येच जेजेची पदविका घेतली. मुलीने चित्रशाळेत जायचं, हे ज्या काळात घरात बोलायचीही सोय नव्हती त्या काळात.

विद्यार्थी असतानाच 'मंदिरपथगामिनी' घडवणारे गणपतराव म्हात्रे इथले. दादासाहेब फाळके काही काळ इथे शिकले. यादी लांबवत नाही, प्रत्येक समारंभात ती वाचली जातेच.

यादीत सहसा न येणारी माणसं मला जास्त आवडतात. गोव्याच्या सालगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा. स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतला म्हणून त्यांना १९४५ मध्ये जेजेतून काढून टाकलं. दोन वर्षांनी त्यांनी जो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, त्याने भारतीय चित्रकलेची दिशा बदलली. त्या सहा जणांत जेजेत शिकलेले होते, तसे कृष्णाजी आराही होते. मोटारी धुण्याचं काम केलेला, जेजेची पायरी न चढलेला माणूस. सिनेमाचे फलक रंगवणारे हुसेन होते. दुसरे आर. के. लक्ष्मण. जेजेने त्यांना प्रवेशच नाकारला. पुढे त्याच संस्थेने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, आणि ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत.

सांगायचा मुद्दा हा की कलासंस्थेचा परिवार म्हणजे तिच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हे. दाराबाहेर राहिलेलेही त्यात येतात. नक्षी कोरून निनावी गेलेले येतात. तुम्ही-आम्हीही येतो. पटत नसेल तर विंडोजच्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करताना वर्षानुवर्षं जो 'मंगल' फॉन्ट समोर यायचा तो आठवा. तो र. कृ. जोशींनी केला. कवी, सुलेखनकार आणि जेजेच्या उपयोजित कलेचे विद्यार्थी. सरकारी परिपत्रकापासून लग्नपत्रिकेच्या मसुद्यापर्यंत आपण त्यांच्या हाताचं अक्षर वाचत आलो, नाव ठाऊक नसताना.

आता माझी गोष्ट.

१९८४ साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मी एलिमेंटरीची परीक्षा दिली. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी दिली असेल! वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. मला 'ब' श्रेणी मिळाली. ते प्रमाणपत्र मुंबईच्या कला संचालनालयाकडून आलं होतं. हे संचालनालय जेजेच्याच आवारात आहे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमचे ड्रॉइंगचे सर जेजेत शिक्षक-प्रशिक्षणाचा वर्ग करून आले होते. लालबागला मावशीकडे राहून शिकले. वर्गात बादली, मडकं आणि वांगं मांडून ते म्हणायचे, "पोरांनो, वांगं काळं नसतं, नीट बघा." वांग्यात जांभळा, निळा आणि खिडकीतला पांढरा उजेड असतो हे मला सरांनी दाखवलं. मी चित्रकार झाले नाही. बघायला मात्र शिकले.

जेजेचा खरा वारसा मला विचाराल तर तो हा. मुंबईतल्या त्या दगडी इमारतीतून निघून एस.टी.ने तालुक्याच्या गावी पोचणारा ड्रॉइंगचा तास. आणि त्याच रस्त्याने उलट, गावातून जेजेपर्यंत पोचणारं एखादं पोर. हा रस्ता दुहेरी होता.

सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात काय आहे बघा. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील, तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक. पूर्णवेळ नव्हे. शंभराच्या आतल्या शाळेला तेवढंही बंधन नाही. आमच्या गावच्या शाळेत आता चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो आणि त्या तासाला गणिताचं राहिलेलं होतं.

गेल्या वर्षी आमच्या शेजारची मुलगी बारावी झाली. हात असा की बघत राहावं. मी विचारलं, "जेजेला अर्ज केलास का गं?" ती म्हणाली, "काकू, त्याला प्रवेश परीक्षा असते हे मला तारीख उलटल्यावर कळलं." तिला सांगणारं शाळेत कुणीच नव्हतं. ती आता बी.कॉम.ला आहे.

यावर लोक म्हणतील, विद्यापीठ झालं ना, मग आता सगळं सुधारेल. सुधारूही शकेल. स्वतःचा अभ्यासक्रम, स्वतःची परीक्षा, नवे विषय, हे सगळं हवंच होतं. सव्वाशे वर्षं पदवीविना काढलेल्या संस्थेला स्वायत्तता मिळाली याचा मला आनंदच आहे. पण स्वायत्ततेबरोबर एक धोका येतो. संस्था हळूहळू बेट होते. उत्तम, देखणं आणि महाग बेट.

एकेकाळी या शाळेचं अस्तित्वच धोक्यात आलं होतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, मंदीच्या काळात, सरकारी काटकसरीच्या समितीने ती बंद करण्याची शिफारस केली. शहरातून विरोध झाला आणि शाळा वाचली. लोकांना ती आपली वाटत होती म्हणून वाचली. उद्या अशी वेळ आली तर किती लोकांना ती आपली वाटेल?

म्हणून माझे तीन साधे प्रश्न आहेत. विरोध म्हणून नाही, हक्काने विचारतेय.

एक. गावाकडच्या, कारागिरांच्या, हातावर पोट असलेल्या घरातल्या मुलांना इथली फी आणि मुंबईतलं राहणं परवडेल याची व्यवस्था काय? कुंभाराच्या, सुताराच्या मुलाला दार बंद झालं तर १८५७ चा मूळ हेतूच पुसला जाईल.

दोन. शाळांमधल्या ड्रॉइंगच्या शिक्षकाचं काय? खालचा तास बंद आणि वर विद्यापीठ, म्हणजे विहीर बुजवून वर टाकी बांधण्यासारखं आहे.

तीन. शाळेच्या संग्रहात पिढ्यानपिढ्यांच्या विद्यार्थ्यांची, शिक्षकांची कामं आहेत. ती सामान्य माणसाला वर्षभर, सहज, मुलाबाळांना घेऊन बघता येतील का? वार्षिक प्रदर्शनाला मी आवर्जून जाते. त्या आवारातल्या झाडांखाली रंगाचे हात घेऊन बसलेली पोरं बघितली की बरं वाटतं. पण दारावरून रोज जाणाऱ्या माणसाला आत यायचं धाडस होत नाही, हेही दिसतं.

आवारात एक बंगला आहे. रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी या आवारात झाला, म्हणून लोक त्या बंगल्याचे फोटो काढतात. प्रत्यक्षात तो जन्मला ते घर केव्हाच गेलं, आजचा बंगला नंतरचा. बंगला जपावाच. पण वारसा म्हणून आपण नेमकं कशाचे फोटो काढतोय, हेही बघावं.

असो. लांबलं खरं. एवढं वाचलंत तर एक काम करा. आपल्या किंवा ओळखीच्या मुलांच्या शाळेत चौकशी करा, ड्रॉइंगला शिक्षक आहे का? यंदा एलिमेंटरीला किती मुलं बसली? उत्तर इथे लिहा. आणि आसपास कुणाचा हात चांगला असेल, तर प्रवेश परीक्षेची तारीख त्या पोराला तुम्हीच जाऊन सांगा. शेजारच्या मुलीला मी एक वर्ष उशिरा विचारलं.