स्टोरेज ॲरे : कामगिरीवरील देखरेख व आलेखन

नेटवर्कवरून अनेक संगणकांना सामायिक साठवण पुरवणाऱ्या डिस्कसंचाचा वेग व प्रतिसाद ठरावीक अंतराने मोजणे, त्या नोंदी जपणे आणि त्यांचे आलेख काढणे, अशी ही प्रक्रिया आहे. संचात डिस्क कितीही असल्या तरी वापरणाऱ्याला एकच साठा दिसतो. त्यामुळे आतली एखादी डिस्क मंदावली, तरी बाहेर फक्त ‘सिस्टीम स्लो आहे’ एवढेच ऐकू येते.

बुलढाणा जिल्ह्यात या विषयाचा सर्वांत जवळचा संबंध सहकारी पतव्यवस्थेशी येतो. राधेश्याम चांडक यांनी 1986 साली बुलढाण्यात स्थापन केलेल्या बुलडाणा अर्बन पतसंस्थेच्या शाखा आज अनेक राज्यांत आहेत. शाखांचे जाळे असलेल्या संस्थेत कोअर बँकिंग आले, की खातेवही शाखेत राहत नाही; ती मध्यवर्ती साठ्यात जाते. मग काउंटरवरची रांग का थांबली, याचे उत्तर अनेकदा त्या साठ्याच्या आलेखात सापडते. शाखा उघडल्यावर साठ्यावर छोट्या, विखुरलेल्या वाचन-लेखनाचा भार असतो. संध्याकाळी डे-एंडची प्रक्रिया चालते आणि रात्री बॅकअपचे सलग वाचन. म्हणून सोमवारी सकाळी अकराच्या आकड्याची तुलना मागच्या सोमवारच्या अकराशीच करावी. रात्रीच्या आकड्याशी केलेली तुलना दिशाभूल करते.

मोजायच्या मुख्य गोष्टी चार : दर सेकंदाला पूर्ण होणारी वाचन-लेखने (आयओपीएस), दर सेकंदाला वाहणारी माहिती (थ्रूपुट), एका विनंतीला लागणारा वेळ (लेटन्सी) आणि ताटकळणाऱ्या विनंत्या (क्यू). यांत लेटन्सीला पहिला मान द्यावा, कारण काउंटरवरच्या माणसाला प्रत्यक्ष जाणवते ती तीच. या राशी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, 2,000 आयओपीएस आणि 4 मिलिसेकंद लेटन्सी असेल, तर सरासरी 8 विनंत्या संचात असतात. डिस्कची मर्यादाच 2,000 असेल आणि विनंत्या 32 झाल्या, तर काम वाढत नाही. लेटन्सी मात्र 16 मिलिसेकंदांवर जाते.

आलेखनातला खरा धोका सरासरीचा आहे. टोबियास ओटिकर यांनी 1995 साली एमआरटीजी आणि 1999 साली आरआरडीटूल ही नोंदी जपून आलेख काढणारी साधने तयार केली. आरआरडीटूलची फाईल आकाराने वाढत नाही, कारण जुन्या नोंदींची सरासरी काढून त्या विरळ केल्या जातात. एमआरटीजीच्या दिवसाच्या आलेखात 5 मिनिटांची सरासरी असते, आठवड्याच्या आलेखात 30 मिनिटांची, महिन्याच्या आलेखात 2 तासांची आणि वर्षाच्या आलेखात 1 दिवसाची. जागा वाचते, पण किंमत मोजावी लागते. समजा, लेटन्सी दिवसभर 4 मिलिसेकंद होती आणि एकदाच 30 सेकंद 200 वर गेली. त्या 5 मिनिटांची सरासरी 23.6 येते आणि संपूर्ण दिवसाची जेमतेम 4.07. वर्षाच्या आलेखात तो प्रसंग घडलाच नव्हता! म्हणून सरासरीबरोबर कमाल मूल्य आणि 95 वा किंवा 99 वा शतमक जपणे, ही या कामातली किमान अट मानावी. ब्रेंडन ग्रेग यांनी पुढे आणलेला लेटन्सीचा हीट मॅप याच कारणासाठी मोलाचा आहे. त्यात हळू पडलेल्या मोजक्या विनंत्या वेगळ्या उठून दिसतात. याच ग्रेग यांनी 2008 साली सन कंपनीत डिस्कसमोर मोठ्याने ओरडून दाखवले होते, की आवाजाच्या कंपनांनीही लेटन्सी वाढते आणि ती आलेखावर दिसते. सर्व्हर रूमला खेटून जनरेटर बसवणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

नोंद घेणारा मापकही फसवू शकतो. नेटवर्कवरील उपकरणांचे आकडे मागवण्याच्या एसएनएमपी या पद्धतीतला 32 बिटांचा बाइट-मापक 1 गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या जोडणीवर सुमारे 34 सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. दर 5 मिनिटांनी त्याची नोंद घेतली, तर आलेख नेहमीसारखा दिसतो आणि आकडा मात्र चुकीचा असतो. अशा ठिकाणी 64 बिटांचा मापकच वापरावा.

काही आकृत्या सरावाने ओळखता येतात. थ्रूपुटची रेघ सेकंदाला सुमारे 110 मेगाबाइटवर सपाट झाली, तर दोष बहुधा डिस्कचा नसून 1 गिगाबिटच्या जोडणीची मर्यादा आलेली असते. 11-12 वर सपाट झाली, तर केबलचे क्रिम्पिंग तपासावे. जोडणी 100 मेगाबिटवर उतरलेली असू शकते. लिहिण्याची लेटन्सी अचानक चढली आणि वाचनाची जागीच राहिली, तर कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी पाहावी. ती निकामी झाल्यावर बरेच कंट्रोलर राइट-बॅक (लेखन आधी कॅशमध्ये घेणे) बंद करतात आणि प्रत्येक लेखन थेट डिस्कवर जाते. डिस्क एकत्र जोडण्याच्या रेड 5 या रचनेत हे महागात पडते, कारण एका छोट्या लेखनासाठी चार डिस्क-क्रिया लागतात. रेड 6 मध्ये सहा.

डिस्कला उष्णताही बाधते, म्हणून तापमानाचा आलेख याच पडद्यावर हवा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर उन्हाळ्यातही तुलनेने सुसह्य असते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा भाग मात्र एप्रिल-मे महिन्यांत चांगलाच तापतो. घाटावर ठरवलेली इशाऱ्याची मर्यादा घाटाखालच्या कार्यालयात जशीच्या तशी लावू नये. ती तिथल्या उन्हाळ्याच्या नोंदी पाहून ठरवावी.

साधनांमध्ये कॅक्टाय (2001) हे आरआरडीटूलवर उभे आहे. साउंडक्लाउड कंपनीत 2012 साली सुरू झालेले प्रोमिथियस नोंदी गोळा करते आणि 2014 साली आलेले ग्राफाना त्या दाखवते. ही तिन्ही मुक्त-स्रोत असल्याने तालुक्याच्या पतसंस्थेलाही परवान्याचा खर्च न करता वापरता येतात. साधन कोणतेही असो, त्याच्या नोंदी ज्या संचावर देखरेख करायची त्याच संचावर ठेवू नयेत. संच बंद पडला, की त्या शेवटच्या तासाच्या नोंदीही त्याच्याबरोबर हाताबाहेर जातात.