आफ्रिकेची गरज मोजायला निघालेली मंडळी

मी मुळात बॉटनीची. प्रबंधासाठी वसाहतकाळातल्या शेतीशिक्षणाकडे वळले, त्यामुळे शिक्षण आयोगाच्या सदस्यांच्या यादीत वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिसलं की थांबून बघते. १९२४ साली पूर्व आफ्रिकेत फिरलेल्या एका आयोगात होमर शँट्झ हे अमेरिकी शेती खात्यातले गृहस्थ होते. शाळा तपासायला गवताचा अभ्यासक कशाला? या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक मोठी गोष्ट हाती लागते.

सुरुवात चर्चपासून झाली. पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मिशनला आफ्रिकेत शाळा वाढवायच्या होत्या. पण कुठे, कशा आणि कशासाठी, याची नीट माहिती कोणाकडेच नव्हती. त्यांनी सुचवलं की आधी पाहणी करा. काम घेतलं न्यूयॉर्कच्या फेल्प्स-स्टोक्स फंडाने. १९२०-२१ मध्ये पहिलं पथक सिएरा लिओन, लायबेरिया, गोल्ड कोस्ट, नायजेरिया, काँगो, अंगोला करत दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेलं. अहवाल १९२२ मध्ये आला. दुसरं पथक १९२४ मध्ये केनिया, युगांडा, टांगानिका, न्यासालँड वगैरे भागांत फिरलं. दोन्ही वेळा प्रमुख एकच, थॉमस जेसी जोन्स. जन्माने वेल्श, शिक्षणाने समाजशास्त्रज्ञ, नोकरीची महत्त्वाची वर्षं व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये.

हे हॅम्प्टन लक्षात ठेवा, कारण खरी मेख तिथे आहे. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर काळ्या मुलांना शेती, सुतारकाम, शिवण आणि सोबत शिस्त शिकवणारी ही संस्था. जोन्स आफ्रिकेत उतरले तेव्हा ही मोजपट्टी त्यांच्या खिशात आधीच होती. शिक्षणाने काय साधावं, याची त्यांची यादी ठरलेली: आरोग्य, परिसराचा उपयोग, घरसंसार आणि फावल्या वेळेचा सदुपयोग. आता शँट्झ कुठे बसतात ते कळतं. परिसराचा उपयोग शिकवायचा तर जमीन कसली आहे, तिथे काय उगवतं, हे आधी माहीत हवं. शँट्झ १९१९-२० मध्ये केपपासून कैरोपर्यंत फिरून आले होते आणि आफ्रिकेच्या वनस्पती व मातीवरचं त्यांचं पुस्तक (सहलेखक मार्बट) १९२३ मध्ये निघालं होतं. विज्ञानवाली म्हणून सांगते, कल्पना वाईट नव्हतीच. ज्या मुलाच्या घरी शेती आहे त्याला शाळेत मातीबद्दल काहीच न शिकवणं हा वेडेपणाच.

पण मग गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावरच्या आईबापांना मुलांसाठी इंग्रजी आणि पुस्तकी शिक्षण का हवं होतं? कारण सोपं आहे. कारकुनी, वकिली, सरकारी पगार, सगळ्याची वाट तिथून जात होती. गोऱ्या शेतमालकांच्या मुलांना कोणी ‘परिसराचा उपयोग’ एवढ्यावर थांबवत नव्हतं. ड्यू बॉइस यांनी जोन्सच्या अमेरिकेतल्या १९१७ च्या अहवालावरच हे बोट ठेवलं होतं, आणि आफ्रिकेच्या बाबतीतही ते गप्प बसले नाहीत. केनियात तर गोऱ्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. अशा ठिकाणी ‘शेतीप्रधान शिक्षण’ हा शब्द निरागस राहूच शकत नाही.

ही पाहणी अडगळीत पडली नाही, हेही सांगायला हवं. मिशन संस्थांमधले वजनदार गृहस्थ जे. एच. ओल्डहॅम (जन्म मुंबईचा, १८७४) यांनी लंडनच्या वसाहत खात्याला पटवलं, १९२३ मध्ये सल्लागार समिती बसली आणि १९२५ मध्ये ब्रिटिश आफ्रिकेचं शिक्षणधोरण कागदावर आलं. त्याच वर्षी केनियात काबेटे इथे गावोगाव फिरणारे शिक्षक तयार करणारी जीन्स स्कूल निघाली. तिचे पहिले प्राचार्य डूगल, म्हणजे दुसऱ्या पथकातलेच एक सदस्य.

मला या सगळ्यात सर्वात गुंतागुंतीचा माणूस वाटतो जेम्स क्वेगिर ॲग्री. दोन्ही पथकांतला आफ्रिकी सदस्य. गोल्ड कोस्टच्या अनोमाबूत १८७५ मध्ये जन्म, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात प्राध्यापकी. पियानोवर काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही पट्ट्या वाजल्या तरच खरा सूर जमतो, हा त्यांचा आवडता दाखला. गोऱ्यांना तो ऐकायला गोड लागायचा. काही जणांना ॲग्री फारच मवाळ वाटायचे, आणि वाचताना मलाही अधूनमधून तसं वाटतं. पण समोर बसलेल्या पोरांनी वेगळंच ऐकलं. १९२० मध्ये लागोसला त्यांचं भाषण ऐकलेला शाळकरी न्नामदी अझिकिवे पुढे नायजेरियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. अक्रात त्यांच्या हाताखाली शिकलेला क्वामे एन्क्रुमा ॲग्रींचा भक्त होता, तरी पियानोचा दाखला त्याला पटला नाही. आधी बरोबरी, मग सूर, असं त्याचं म्हणणं.

अहवालाच्या पानांत ही पोरं नाहीत. तिथे शाळांची अवस्था, मिशनांची नावं, शेतीची स्थिती सगळं आहे. पथकातला एक सदस्य लोकांशी काय बोलत गेला आणि त्यातून काय पेरलं गेलं, ते मोजायला रकानाच नव्हता.

ॲग्री नंतर अचिमोटा कॉलेजचे उपप्राचार्य झाले. १९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध पुरा करायला सुट्टी घेऊन न्यूयॉर्कला आले आणि ३० जुलैला तिथेच वारले. प्रबंध अर्धाच राहिला. शँट्झ मात्र १९५६-५७ मध्ये परत आफ्रिकेत गेले, जुने फोटो घेऊन. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जिथे उभं राहून फोटो काढले होते, शक्य तिथे त्याच जागी उभं राहून पुन्हा काढले. झाडोरा किती बदलला, ते त्यात दिसतं. पुढच्या पोस्टमध्ये त्या फोटोंबद्दल लिहीन.