पूर्वजांच्या कबरींचा शोध

वसई किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या भग्नावशेषांत पोर्तुगीज लेख कोरलेल्या कबरशिला आजही दिसतात. डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ सालच्या आपल्या ग्रंथात वसईतील लेखांची नोंद घेतली. परंतु शिला लाभली ती बहुधा सरदार-अधिकाऱ्यांना. शेतात राबणाऱ्या आमच्या पूर्वजांच्या उशाशी लाकडी क्रूस असे. तो कुजला, जागेच्या टंचाईने त्याच मातीत पुढचे दफन झाले आणि खूण पुसली गेली.

नाव मात्र उरू शकते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या सक्तीच्या केल्या. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांची नोंदही त्यांत जोडली. म्हणून दूरदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांनी गावातील स्वयंसेवकांचे साहाय्य मागताना ‘आजोबांची कबर शोधा’ एवढेच लिहू नये. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, धर्मग्राम व मृत्यूचे अंदाजे वर्ष कळवावे. स्वयंसेवकांनी आधी नोंदवही पाहावी, मग दफनभूमी. शिला आढळल्यास ती खरवडू नये. झिजलेली अक्षरे तिरप्या उन्हात उमटून दिसतात.

कोण कोठे विसावला आहे, हे पुष्कळदा केवळ गावातील वृद्धांनाच ठाऊक असते. त्यांच्या हयातीतच हे कार्य आपण हाती घेऊ या. कबर न सापडली, तरी २ नोव्हेंबरच्या प्रार्थनेत नाव तरी उच्चारता येईल.